टायटॅनियम ग्रेड ५: तापलं की फटीग किती घटतो, आणि गार असताना ते खरंच निर्धोक असतं का?

रबाळे_ब्लोअर
नमस्कार मंडळी. गरम हवेच्या ब्लोअरचा इम्पेलर (हवा ढकलणारं पात्यांचं चाक) टायटॅनियम ग्रेड ५ मध्ये (अ‍ॅल्युमिनियम ६ टक्के, व्हॅनेडियम ४ टक्के) करायचा आहे. व्यास ४०० मिमी, वेग मिनिटाला १२,००० फेरे, हवा २८० अंश सेल्सिअस. मधोमध ५० मिमीचा आरपार बोअर (भोक), त्यात कीवे (चावीची खाच), शाफ्ट ईएन-१९ पोलादाचा. रोज सकाळी गार मशीन सुरू होतं, आठ तास पूर्ण वेगात चालतं आणि संध्याकाळी बंद होतं. स्टेनलेसमध्ये वजन फार होतं, बेअरिंग टिकत नाहीत, म्हणून टायटॅनियम.

प्रश्न तीन आहेत.
१) माहितीपत्रकात फटीगचा (वारंवार भार येऊन धातू थकण्याचा) आकडा खोलीच्या तापमानाचा असतो. २८० अंशांसाठी तो किती कमी धरायचा?
२) रोज गार अवस्थेतून सुरुवात होते, त्याचा काही वेगळा हिशेब आहे का?
३) पत्रकातली 'खोली' २०-२३ अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये ३४-३५ असतात. त्याने फरक पडतो का?

लेथमास्तर
पहिल्याचं कामचलाऊ उत्तर: टेन्साइल (ओढून तुटेपर्यंतची ताकद) ज्या प्रमाणात उतरतं, साधारण त्याच प्रमाणात फटीग उतरतो असं धरा. ग्रेड ५ चं टेन्साइल ३०० अंशांना खोलीच्या मानाने ७० टक्क्यांच्या आसपास राहतं. यील्ड (ज्या ताणानंतर धातू कायमचा ताणला जातो तो) जास्त घसरतं, ६० ते ६५ टक्क्यांवर येतं. म्हणजे गुळगुळीत नमुन्याला १ कोटी आवर्तनांना ५०० मेगापास्कल मिळत असतील, तर तापल्यावर ३५० धरा. त्यावर पृष्ठभाग, आकार आणि खाचेचे गुणक वेगळे लावायचे.

पण मला भीती तापमानापेक्षा त्या कीवेची वाटते. कोपऱ्याची त्रिज्या किती ठेवली आहे?

रबाळे_ब्लोअर
मास्तर, ०.४ मिमी.

लेथमास्तर
फार तीक्ष्ण आहे. त्यावर पुढे बोलूच.

कणसीमा
मास्तरांचा ७० टक्क्यांचा नियम वेगाने बदलणाऱ्या भारासाठी ठीक आहे. पण 'तापमान वाढलं की फटीग घटतो' अशी एकच उतरण टायटॅनियमला लागू पडत नाही. तापमानाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत ते वेगवेगळ्या कारणांनी तुटतं, म्हणून पट्टीप्रमाणे सांगते.

शून्याच्या खूप खाली, अगदी द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांना, ग्रेड ५ ची ताकद वाढते, फटीगही सुधारतो. साध्या पोलादासारखं ते एका ठरावीक तापमानाखाली अचानक ठिसूळ होत नाही, कारण त्यातला बहुतांश भाग षट्कोनी रचनेच्या अल्फा रूपाचा असतो (दुसरं रूप बीटा). अतिथंड कामाला मात्र कमी ऑक्सिजनचा ग्रेड २३ घ्यावा. बीटा मिश्रधातूंना ही सवलत नाही, त्यांची रचना पोलादासारखीच घनाकार असते.

खोलीच्या तापमानापासून शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत: भार लावून धरून ठेवला तर नुकसान होतं. याला कोल्ड ड्वेल म्हणतात, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे.

२०० ते ३५० अंश: ड्वेलचा त्रास विरतो. यील्ड उतरलेलं असतं, पण धातू अधिक लवचीकपणे ताणतो. भार ठरवून चाचणी केली तर आयुष्य घटलेलं दिसतं. आवर्ती ताणवाढ ठरवून केली तर तितकं घटत नाही, कधी टिकूनही राहतं. दोन अहवाल परस्परविरोधी वाटले तर आधी हा फरक तपासावा.

४०० अंशांच्या पुढे: क्रीप (स्थिर भाराखाली हळूहळू ताणत जाणं) आणि हवेतला ऑक्सिजन या दोघांचं राज्य. ग्रेड ५ चा उपयोग इथे संपत येतो. ५०० च्या वर ६-२-४-२-एस (अ‍ॅल्युमिनियम ६, टिन २, झिर्कोनियम ४, मॉलिब्डेनम २ आणि चिमूटभर सिलिकॉन), ६०० पर्यंत आयएमआय ८३४. त्याच्यापुढे साधं टायटॅनियम नेऊ नये.

तुमचा इम्पेलर रोज दुसऱ्या पट्टीतून तिसऱ्या पट्टीत जातो. दोन्हींचा हिशेब मांडावा लागेल.

शिकाऊ_सिद्धी
कणसीमा ताई, एक शंका. क्रीप म्हणजे वितळणबिंदूच्या साधारण ०.४ पटीच्या पुढे, असं आम्हाला शिकवलं आहे. टायटॅनियम १६६८ अंशांना वितळतं, म्हणजे १९४१ केल्विन. त्याचे ०.४ म्हणजे ७७६ केल्विन, जवळपास ५०० अंश. मग खोलीच्या तापमानाला भार 'धरून ठेवल्याने' काय बिघडतं?

कणसीमा
सिद्धी, गणित बरोबर आहे, पण तो नियम विसरणाने (अणू जागा बदलत सरकण्याने) होणाऱ्या क्रीपचा आहे. टायटॅनियम खोलीच्या तापमानालाही, यील्डच्या बरंच खाली, हळूहळू ताणत राहतं. ते कणांतल्या घसरणीमुळे, विसरणामुळे नाही. हा क्रीप सुरुवातीला वेगात होतो, मग मंदावतो, आणि बहुतेक वेळा थांबल्यासारखा दिसतो.

अल्फाच्या षट्कोनी स्फटिकाला एक उभा अक्ष असतो. भार या अक्षाला आडवा असेल तर कण प्रिझमच्या बाजूंवर सहज घसरतो. हा मऊ कण. भार अक्षाच्या दिशेने असेल तर घसरायला सोपा मार्ग उरत नाही. हा कठीण कण. कडकपणातही फरक आहे: अक्षाच्या दिशेने सुमारे १४५ गिगापास्कल, आडवा सुमारे १००. आता मऊ आणि कठीण कण शेजारी असताना भार दोन मिनिटं धरून ठेवा. मऊ कण सावकाश सरकतो आणि आपल्या वाट्याचा भार शेजाऱ्यावर ढकलतो. कठीण कणाच्या सीमेवर ताण साचत जातो आणि शेवटी तो पायाच्या प्रतलाच्या जवळून सपाट तुटतो. तुटलेल्या पृष्ठभागावर हे चकाकणारे सपाट पैलू दिसतात. तडा बहुतेकदा पृष्ठभागाखाली सुरू होतो, त्यामुळे डाय-पेनिट्रंटला (तडे दाखवणाऱ्या रंगीत द्रवाला) सापडत नाही.

तापवल्यावर हे का थांबतं? २०० अंशांच्या वर कठीण कणही सरकू लागतो, सगळेच सैलावतात, ताण एका जागी साचत नाही. म्हणून या दोषाच्या बाबतीत गरम टायटॅनियम गार टायटॅनियमपेक्षा बरं.

प्रयोगशाळेत हे असं मोजतात: एका नमुन्याला १ सेकंदात भार चढव, १ सेकंद धर, १ सेकंदात उतरव, १ सेकंद थांब. दुसऱ्याला सगळं तेच, फक्त धरायचे १२० सेकंद. भार यील्डच्या ८५-९५ टक्के. दोघांच्या आवर्तनसंख्येचं गुणोत्तर म्हणजे ड्वेलचा तोटा. ६-२-४-२ मध्ये तो मोठा असतो, ६-२-४-६ मध्ये जवळपास नसतो. ग्रेड ५ मध्ये कणांच्या मांडणीवर सगळं अवलंबून.

उडता_पारवा
विमान इंजिनांच्या जगाने हे फार मोठी किंमत देऊन शिकलं आहे. १९७२ च्या अखेरीस आणि १९७३ च्या सुरुवातीला ट्रायस्टार विमानांच्या आरबी-२११ इंजिनांत फॅनच्या डिस्क फुटल्या. धातू आयएमआय ६८५ (आणखी एक टायटॅनियम मिश्रधातू). तापमानाच्या दृष्टीने फॅन म्हणजे इंजिनातला सर्वांत गार भाग! तिथून कोल्ड ड्वेल हा विषय उभा राहिला आणि त्या डिस्कसाठी ग्रेड ५ कडे वळले.

पण ग्रेड ५ म्हणजे पूर्ण अभय नव्हे. ३० सप्टेंबर २०१७ ला पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ए-३८० चं एक इंजिन ग्रीनलंडवर असताना फुटलं, विमान कॅनडातल्या गूस बे इथे सुखरूप उतरलं. फॅन हबचा तुकडा बर्फाखालून शोधून काढायला २०१९ उजाडलं. हब ग्रेड ५ चा होता आणि तपासात कारण निघालं कोल्ड ड्वेल: एकाच दिशेला तोंड असलेल्या कणांचा मोठा पुंजका, आणि त्यातून पृष्ठभागाखाली सुरू झालेला तडा.

कोकणकडा
१९८९ चा अमेरिकेतला सू सिटीचा विमान अपघातही यातलाच ना? तिथेही टायटॅनियमची फॅन डिस्कच फुटली होती.

उडता_पारवा
नाही, ते कारण वेगळं. तिथे नायट्रोजनने कडक झालेला अल्फाचा ठिपका वितळवतानाच धातूत राहून गेला होता. तो ठिसूळ, शिवाय शेजारी पोकळी. त्यावर उपाय वितळवण्यात झाला: निर्वातात तीनदा वितळवणं किंवा थंड चुलीवर वितळवणं, म्हणजे असे जड, न विरघळलेले कण तळाशी बसतात. तापमान आणि धरून ठेवलेल्या भाराचा त्याच्याशी संबंध नाही. दोन्हींची गल्लत केली तर उपायही चुकतो.

लेथमास्तर
कणसीमा ताई आणि पारवा, माहिती उत्तम, पण मला इथे हरकत घ्यायची आहे. फॅन डिस्क यील्डच्या जवळ वापरतात. ब्लोअरचा इम्पेलर तसा नसतो. उगाच घाबरवून कोणी टायटॅनियमच सोडून देईल. आधी ताण किती ते काढा, मग ड्वेलची चर्चा करा.

ताणमापक
मास्तर म्हणतात ते रास्त आहे. काढतो.

कडेचा वेग: ३.१४ × ०.४ मीटर × सेकंदाला २०० फेरे = २५१ मीटर प्रतिसेकंद. घनता ४४३० किलो प्रति घनमीटर. घनता गुणिले वेगाचा वर्ग = सुमारे २७९ मेगापास्कल.
बोअर नसलेल्या सपाट तबकडीत केंद्रातला ताण याच्या ०.४२ पट, म्हणजे सुमारे ११७.
मधोमध छोटं जरी भोक पाडलं तरी भोकाच्या कडेला दुप्पट, सुमारे २३३.
हे नुसत्या तबकडीचं. पात्यांचं वजन वरून येईल, ते संगणकावरच काढावं लागेल.

आता कीवे. कोपऱ्याच्या त्रिज्येप्रमाणे ताण २ ते ३ पट वाढतो. ०.४ मिमीला ३ च्या बाजूने धरा. म्हणजे कोपऱ्यात ७०० मेगापास्कलच्या आसपास. ग्रेड ५ चं किमान यील्ड खोलीत ८२८ धरलं तर २८० अंशांना ५२० ते ५५० उरतं. म्हणजे कीवेचा कोपरा गरम असताना यील्ड ओलांडतो, आणि गार असताना यील्डच्या ८५ टक्क्यांवर बसतो. मास्तर, तबकडीचा गाभा सुरक्षित आहे हे तुमचं खरं, पण ताईंनी सांगितलेली ड्वेलची अवस्था कीवेच्या कोपऱ्यात तयार होते आहे.

लेथमास्तर
मान्य. कीवे काढाच.

कणसीमा
एक दुरुस्ती माझ्याकडून. कोपऱ्यातला ताण फार छोट्या भागापुरता असतो, आणि ड्वेलला सगळ्यात जास्त धोका मोठ्या भागावर एकसारखा ताण असतो तेव्हा, कारण वाईट कणजोडी सापडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे तुमच्या कीवेत आधी साधा लघुआवर्तनी (थोड्याच पण मोठ्या भाराच्या आवर्तनांचा) फटीग त्रास देईल. निष्कर्ष तोच, कीवे नको.

जुनी_भट्टी
पृष्ठभागाबद्दल कोणीच बोललं नाही. टायटॅनियमचा फटीग निम्मा तिथेच ठरतो.

५०० अंशांच्या वर हवेत ठेवलं की ऑक्सिजन आत मुरतो आणि अल्फा केस तयार होतो: कडक, ठिसूळ साल. भार आला की ती आधी फुटते आणि तडा आयता मिळतो. फोर्जिंगवर (तापवून ठोकून घडवलेल्या मालावर) आणि उघड्या भट्टीतल्या मालावर ती असतेच. नुसत्या पॉलिशने जात नाही. एक तर पुरेसा माल कापून काढा, नाहीतर नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिकच्या मिश्रणात उतरवा. नायट्रिक भरपूर हवं, साधारण दहास एक. ते कमी पडलं तर धातू हायड्रोजन पितो. ग्रेड ५ मध्ये हायड्रोजनची मर्यादा ०.०१५ टक्के आहे, म्हणून नंतर हायड्रोजन तपासून घ्या. हायड्रोफ्लोरिक हाताळणं शिकलेल्या माणसाचंच काम, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल शेजारी हवं.

मशीनिंगनंतरचा ताण उतरवायला ४८० ते ६५० अंश, १ ते ४ तास, शक्यतो निर्वातात.

शॉट पीनिंग (बारीक गोळ्या मारून पृष्ठभाग दाबणं) करणार असाल तर क्रम लक्षात ठेवा: आधी ताण उतरवणं, मग पीनिंग. उलटं केलंत तर भट्टीत पीनिंग पुसलं जाईल. गोळी काचेची किंवा सिरॅमिकची, पोलादाची नको. २८० अंशांना पीनिंगचा दाब काही प्रमाणात सैलावतो, ४००-४५० ला बहुतेक जातो. त्यामुळे खोलीच्या चाचणीत पीनिंगने दिसलेला पूर्ण फायदा तुमच्या हिशेबात धरू नका.

शिकाऊ_सिद्धी
थ्री-डी छपाईने केला तर?

जुनी_भट्टी
छापलेल्या मालात बारीक छिद्रं असतात आणि रचना सुईसारखी मार्टेन्साइटची. ९२० अंश, १०० मेगापास्कल दाब, २ तास अशी हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंगची प्रक्रिया केली की छिद्रं मिटतात. तरी पृष्ठभाग खरबरीत राहतो, तो मशीन केल्याशिवाय फटीगला देऊ नये. ४०० मिमीच्या फिरत्या भागाला मी फोर्जिंगच सुचवेन.

माहीमची_खाडी
मुंबईपुरता एक मुद्दा, आणि कृपया हा हलक्यात घेऊ नका. टायटॅनियम समुद्राच्या पाण्याला अभेद्य आहे असं सगळे म्हणतात. थंड पाण्यात साधारण खरंही आहे. पण मिश्रधातूवर मीठ साचलं, त्यावर ताण आला आणि तापमान २३०-२६० अंशांच्या वर गेलं, की गरम मिठामुळे तडे जाऊ शकतात. तुमचे २८० अंश नेमके त्या पट्टीत आहेत. ठाण्याची खाडी जवळ, ब्लोअर बाहेरची हवा ओढतो, पावसाळ्याआधीचे खारे वारे. पात्यांवर मीठ बसणारच. बोटांच्या घामातही मीठ असतं.

काय करायचं: सक्शनला चांगला फिल्टर. जोडणीच्या आधी क्षारमुक्त पाण्याने धुवा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन, आणि पुढे हातमोजे. क्लोरीन असलेले सॉल्व्हंट आणि क्लोरीनयुक्त कटिंग तेल पूर्ण बंद. मिथेनॉल तर नकोच; १९६६ मध्ये अपोलोच्या ग्रेड ५ च्या टाक्यांना मिथेनॉलनेच तडे गेले होते. आणि कॅडमियम चढवलेला एकही बोल्ट-नट टायटॅनियमला लागता कामा नये, तापल्यावर कॅडमियम त्याला ठिसूळ करतं.

रबाळे_ब्लोअर
खाडी, हा मुद्दा डोक्यातच नव्हता. सक्शनला सध्या नुसती जाळी आहे. फिल्टर घालतो.

ताणमापक
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. यील्ड २० ते ३०० अंशांत अंशागणिक सरासरी १ मेगापास्कलच्या जरा वर उतरतं. ३४ आणि २३ मधला फरक ११ अंश, म्हणजे १०-१५ मेगापास्कल, दीड टक्का. दोन बॅचमधला फरक याहून मोठा असतो. तेव्हा मे महिन्याची काळजी सोडा.

चाचणी करवून घेणार असाल तर मात्र तापमान नेमकं लागतं. टायटॅनियमची उष्णतावाहकता फार कमी, सुमारे ६.७ वॅट प्रति मीटर केल्विन, त्यामुळे भट्टीत नमुन्याचं टोक आणि मध्य यांत सहज फरक राहतो. किमान तीन थर्मोकपल लावायला सांगा आणि तापमान पोचल्यावर अर्धा तास मुरू द्या. थर्मोकपल मधल्या भागावर स्पॉट वेल्ड करू देऊ नका, तडा बरोब्बर त्या ठिपक्यातून निघतो आणि निकाल वाया जातो. मधल्या भागावर बांधायचा, वेल्ड फक्त खांद्यावर.

पात्यांच्या कंपनाचाही हिशेब करा. फेऱ्यामागे एक धक्का धरला तरी १ कोटी आवर्तनं १४ तासांत पुरी होतात, म्हणजे दोन दिवसांच्या आत. तापल्यावर कडकपणा ११४ वरून साधारण १०० गिगापास्कलवर येतो, त्यामुळे पात्याची नैसर्गिक वारंवारता ६-७ टक्क्यांनी खाली सरकते. गार पात्याला हातोडीने टिचकी मारून मोजलेला आकडा २८० अंशांना चालत नाही. गार असताना अनुनादापासून ५ टक्के वर असलेलं पातं गरम झाल्यावर नेमकं त्यात जाऊन बसेल.

पवईकर
माल कुठून घेताय ते विचारायचं होतं. सी. पी. टँकच्या बाजूला व्यापाऱ्याकडे ग्रेड ५ ची जाड प्लेट मिळते आणि त्यातून ४०० ची चकती कापायचा मोह होतो. लाटलेल्या प्लेटमध्ये कणांचे अक्ष बऱ्याचदा लाटण्याच्या आडव्या दिशेला ओळीने उभे राहतात. प्लेट एकाच दिशेने ओढली जात असेल तर चांगली दिशा निवडता येते. फिरत्या तबकडीत परिघाचा ताण सगळ्या दिशांना असतो, त्यामुळे कुठे ना कुठे तो वाईट दिशेवर पडणारच. म्हणून अपसेट केलेलं (उभं ठोकून रुंद केलेलं) फोर्जिंग घ्या आणि बीटाच्या सीमेखाली (जिच्या वर सगळा धातू बीटा होतो; ग्रेड ५ ला सुमारे ९९५ अंश) पुरेसं काम झालंय याचा दाखला मागा. कणांचे पुंजके मोडतात ते या कामानेच.

पुंजके बघायचेच असतील तर ईबीएसडी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कणांच्या दिशा मोजणं) लागतं. आयआयटी पवईत पोत आणि ओआयएमची (कणांच्या दिशांच्या चित्रणाची) राष्ट्रीय सुविधा आहे. फोर्जिंगच्या कडेचा तुकडा नको, मध्याजवळचा द्या.

आणखी एक: पीएमआय गनवर (मूलद्रव्यं ओळखणाऱ्या हातातल्या यंत्रावर) विसंबू नका. तिला ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन दिसत नाहीत. ग्रेड ५ मध्ये ऑक्सिजन ०.२० टक्क्यांपर्यंत चालतो, ग्रेड २३ मध्ये ०.१३ पर्यंतच. गनला दोन्ही सारखेच. वायूंची वेगळी तपासणी करून घ्या.

रबाळे_ब्लोअर
सगळ्यांचे मनापासून आभार. माल प्लेटचाच ठरला होता, तो रद्द करतो. नवा विचार असा: आरपार बोअर आणि कीवे दोन्ही नकोत. तबकडी भरीव, मागे शाफ्टच्या टोकाला फ्लँज, ८० मिमीच्या वर्तुळावर ६ बोल्ट एम-१०. केंद्रात मिळवायला ६० मिमीचा स्पिगॉट (खाचेत बसणारा गोल उंचवटा). चालेल?

ताणमापक
दिशा योग्य आहे. दोन गोष्टी सांभाळा.

बोल्टची भोकं तबकडीच्या पातळीत पाडू नका. केंद्राजवळ ताण सगळ्या बाजूंनी सारखा असतो, तिथे गोल भोक पाडलं की कडेला दुप्पट होतो. म्हणजे ११७ चे पुन्हा २३३. मागच्या अंगाला उंचवटा ठेवा, भोकं त्या उंचवट्यात घ्या.

स्पिगॉटचा नर पोलादाच्या शाफ्टवर, मादी टायटॅनियममध्ये उथळ. पोलाद जास्त फुगतं. अंशामागे मीटरला फरक सुमारे ३.५ मायक्रॉन. २५० अंशांच्या वाढीला ६० मिमीवर ०.०५ मिमी. अशी मांडणी केली तर तापल्यावर बसणी घट्ट होते. उलट केली तर सैल होऊन असंतुलन येईल.

लेथमास्तर
बोल्ट पोलादाचे घेणार ना? मग हेही बघा. २० मिमी जाड टायटॅनियमचा उंचवटा पोलादी बोल्टने आवळला आहे. तापल्यावर बोल्ट ०.०१७ मिमी जास्त लांबतो. ४०० मेगापास्कलने आवळलेला, ३० मिमी कामाच्या लांबीचा बोल्ट मुळात ताणलेला असतो ०.०५९ मिमी. म्हणजे जवळजवळ ३० टक्के आवळ गेला. सोपा उपाय: बोल्टखाली ४० मिमीची पोलादी नळी घाला. ती बोल्टइतकीच फुगते, ताण ७० मिमीवर ०.१३७ मिमी होतो, आणि तोटा १३ टक्क्यांवर येतो.

ताणमापक
मास्तर, तत्त्व अगदी बरोबर, पण नळी इथे चालणार नाही. ४० मिमी त्रिज्येवर १२,००० फेऱ्यांना त्वरण गुरुत्वाच्या ६,४०० पट होतं. ५० ग्रॅमची नळी ३०० किलोहून जास्त वजनाने बोल्टला बाहेर वाकवेल. स्थिर फ्लँजला उत्तम, फिरत्याला नाही.

लेथमास्तर
खरं आहे, फिरण्याचं माझ्याकडून राहिलं. मग तीच लांबी शाफ्टच्या आत घ्या. शाफ्टचं टोक ६० मिमी जाड ठेवा, भोक पहिले ४० मिमी साधं, ११ च्या ड्रिलने, आणि आटे त्याच्या पुढे १५ मिमी. बोल्टचा दांडा पोलादाच्या आत राहतो, बाहेर काही लोंबत नाही, आणि आकडा तोच १३ टक्के. आट्यांना मॉलिब्डेनम डायसल्फाइड लावा. जिथे टायटॅनियम पोलादावर बसतं त्या तोंडालाही लावा, नाहीतर तिथे घासून चिकटेल आणि फ्रेटिंगचे तडे सुरू होतील. पहिल्या गरम-गार फेरीनंतर, मशीन पूर्ण गार झाल्यावर, सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासा. सुरुवातीचा सैलपणा त्यातच निघतो.

रबाळे_ब्लोअर
हे आत्ताच ड्रॉइंगवर घेतलं. आता फक्त सकाळच्या सुरुवातीचा मुद्दा राहिला. गार मशीन सरळ पूर्ण वेगाला नेऊ का?

कणसीमा
नको. गरम हवा आली की कड आधी तापते, केंद्र मागे राहतं, कारण टायटॅनियम उष्णता हळू पोचवतं. फुगलेली कड केंद्राला ओढते. कड आणि केंद्रात १०० अंशांचा फरक असेल तर पूर्ण जखडलेल्या अवस्थेत १०० मेगापास्कलपर्यंत ताण येऊ शकतो, आणि तो फिरण्याच्या ताणात मिळतो. म्हणजे सर्वांत जास्त ताण आणि ड्वेलची गार पट्टी, दोन्ही एकाच वेळी.

ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. ३,००० फेऱ्यांना तो पूर्ण ताणाच्या सोळावा हिस्सा असतो. म्हणून ३,००० वर गरम हवा सुरू करा, हबचं तापमान २०० च्या वर जाईपर्यंत तिथेच थांबा, मग वेग चढवा. बंद करताना उलट: हब गरम आहे तोवर वेग उतरवा. असं केलं की पूर्ण भार फक्त त्याच तापमानाला पडेल जिथे ड्वेल उरलेला नाही.

रबाळे_ब्लोअर
ताई, हबचं तापमान फिरत असताना मोजायचं कसं? इन्फ्रारेड गन चालेल का?

ताणमापक
उघड्या टायटॅनियमवर नाही. ऑक्साइडचा रंग पिवळसर-निळा होत जातो तशी उत्सर्जकता बदलते आणि गन खोटं सांगते. हबच्या तोंडावर उष्णतारोधक काळ्या रंगाचा पट्टा द्या, रंगात क्लोराइड नाही याची खात्री करून. एकदा मशीन थांबवून थर्मोकपलशी जुळवून घ्या आणि तो वेळ लिहून ठेवा. पुढे रोज घड्याळ लावलं तरी पुरेल. पावसाळ्यात सक्शनची हवा गार असते तेव्हा पाच-दहा मिनिटं वाढवा.